विकतची म्हणायचं नाही

१० फेब्रुवारी, सोमवार

ठरलं! मुरगूड आणि गारगोटी.

मुरगुडात आमच्या नव्या कांदा-लसूण चटणीची पुडी आणि सोबत सगळा थाट — रिक्षावर भोंगा, दुकानाबाहेर पाटी, बाजाराच्या दिवशी भाकरीवर चव. गारगोटीत नुसती पुडी, बाकी काही नाही. दोन्हीकडं माल तोच, किंमत तीच. मग जो फरक पडेल तो भोंग्याचा. निदान पुस्तकात तरी असं असतं.

सम्राटला नृसिंहवाडी हवी होती. (आमच्या कंपनीत विक्री सम्राट बघतो, आणि आवाजही तोच करतो.) "मॅडम, पौर्णिमेला पुड्या पुरायच्या न्हाईत!" अरे बाबा, वाडीला दर्शनाला आलेला माणूस कवठाच्या बर्फीबरोबर पुडीही घेईल आणि गाडीत बसून जाईल सोलापूरला. त्यानं दुसऱ्यांदा घेतली का, हे मी विचारायला कुठं जाऊ? चटणीचा निकाल दुसऱ्या पुडीवर लागतो. पहिली काय, हौसेनं कुणीही घेतं.

मग म्हणाला, "आणि मुरगूड तुमचं म्हायेर न्हाय व्हय?" आहे की. लपवलंय कुणी? गावाचा आकार बसतो, दुकानं मला पाठ आहेत, म्हणून घेतलं.

मालक अमरसिंहदादा ऐकून हसले. "असूं दे. श्रावण सरंपतोर वेळ हाय तुला, वर्षाराणी. चालली तर जिल्हाभर काढू. न्हाय चालली तर मशीन पापडाला लावतो आणि तुझं ते संशोधनाचं टेबलबी उचलतो."

हसत म्हणाले. पण दादा हसताना कधीच खोटं बोलत नाहीत. पुण्याची नोकरी सोडून या टेबलासाठी आले मी. आणि आईच्या जवळ राहावं म्हणून. टेबल गेलं तर दोन्ही गेलं.

११ फेब्रुवारी

आईला फोन करून सक्त ताकीद दिली. पुडी माझ्या कंपनीची आहे, हे गावात कुणाला सांगायचं नाही. आणि स्वतः एकही घ्यायची नाही, मोजमाप बिघडतं.

"मला काय करायची तुझी पुडी? माझी चटणी काय मेली काय?"

तेही खरंच. लग्नाला नऊ वर्षं झाली, आमच्या घरात विकतची चटणी आलेली नाही. बरणी खाली गेली की मुरगूड! राजवीर सगळ्यांना सांगत फिरतो — बायको मी चटणीसकट करून आणली. नवरा आहे म्हणून सोडते.

४ मार्च

भोंगा सुरू. मुरगुडात पुड्या सुटल्यात! गारगोटीत शेल्फावर धूळ. सम्राट ऑफिसात पेढे वाटायच्या बेतात होता, मी हात धरला. थांब. दुसरी पुडी.

१६ मार्च, रविवार

आज मुरगुडात दारोदार. माझ्या छापील कागदावरचा तिसरा प्रश्न — "आपण विकतची चटणी वापरता का?" एका घरानं हो म्हणावं? एका? पुड्या गेल्या कुठं मग, उंदरांनी नेल्या?

झुंबरबाईंच्या घरी उलगडा झाला. थोराड बाई, आवाज खणखणीत. "आमच्यात? विकतची? बाई, मी काय अंथरुणाला खिळलीया?" आणि त्यांच्या मागं परसात, तारेवर, स्वच्छ धुऊन, चिमटे लावून वाळत घातलेली — आमची पुडी. तांबडी, नावासकट! मी बघते आहे हे त्यांनी बघितलं.

"ती व्हय... ती पावण्यांची."

पावण्यांची! पाहुणे आपली चटणी घेऊन आले, खाऊन गेले आणि पुडी धुवायला ठेवून गेले. मला हसू आवरेना. त्यांनाही आवरेना. शेवटी चहा दिला आणि हळूच म्हणाल्या, "बरनीत वतली की कुनाला कळतंय? पर तू लिव्हू नगंस."

नाही लिहिलं. (इथं लिहिलं, ते चालतं.)

चूक माझीच. 'विकतची' हा शब्द आमच्याकडं शिवी आहे. विकतची साडी चालते, विकतचा मोबाइल चालतो, विकतची चटणी म्हणजे घरातली बाई आळशी. मी प्रश्न विचारत नव्हते, आरोप ठेवत होते. आणि तेही दारात उभी राहून, गळ्यात सर्वेक्षणाचं ओळखपत्र घालून! तिसरा प्रश्न खोडला. आता विचारायचं — "चटणीची बरणी कधी भरली, कशानं भरली?"

२७ एप्रिल, रविवार

गल्लीत मिरच्या वाळत पडल्यात, डंकावर कुटायला रांगा लागल्यात, येणारा-जाणारा शिंकतोय. आमच्या धंद्याला सगळ्यात वाईट महिना!

आईला विचारलं, कुठल्या रविवारी येऊ? दरवर्षी मिरच्यांची देठं मी काढते, खोबरं मी किसते, भाजणं तिचं. यंदा म्हणाली, "नगं येऊस. तू कामात हाईस. मी करतो की. शेजारची आक्का हाय मदतीला."

बरं वाटलं. आणि बरं वाटलं याचं वाईटही वाटलं.

१८ मे, रविवार

आईकडून यंदाची बरणी आणली. रंग काय आलाय! राजवीर म्हणाला जरा वेगळी लागतेय, ब्याडगी जास्त पडली असेल. मग तिसरी भाकरी मागितली.

९ जून, सोमवार

मुरगुडातली दुसरी पुडी ढेपाळली. पहिल्यांदा घेणाऱ्या दहांपैकी तिघी परत येतात. गारगोटीत घेणाऱ्या थोड्या, पण परतीचं प्रमाण जवळजवळ तेवढंच. म्हणजे भोंगा दुकानापर्यंत आणतो, दुसऱ्यांदा आणत नाही.

का? दादांचं उत्तर तयार — "चव कमी पडतीया. तिखट वाढवा." सम्राटचं उत्तरही तयार — "भोंगा वाढवा." माझं उत्तर तयार नाही. चव नडतेय की 'विकतची' हा शब्द नडतोय, हे अजून वेगळं करता आलेलं नाही. दोन्ही एकाच पुडीत बांधलेत ना!

तर ते सोडवायचं. आमची चटणी आणि घरची चटणी समोरासमोर. आधी नाव न सांगता, मग वेगळ्या बायकांना नाव सांगून. घरची कुणाची घ्यायची? त्यात विचार कसला करायचा? आईची. जिल्ह्यात तोड नाही.

सम्राट — "मॅडम, सख्ख्या आईलाच आखाड्यात उतरवताय?"

उतरवतेय. हरली तर आमची पुडी हरेल, आई कशाला हरतेय?

२२ जून, रविवार

कोल्हापुरात, शाहूपुरीतला हॉल. मटकीची आमटी, एकाच मापाची, एकाच आचेवर, दोन पातेल्यांत. एकात आईची चटणी, एकात आमची. वाट्यांवर नावं नाहीत — त्रिकोण आणि गोल. निम्म्या बायकांना त्रिकोण आधी, निम्म्यांना गोल आधी, कारण भुकेपोटी पहिला घास सगळ्यांनाच गोड लागतो. मधे पाणी आणि कोरडे चुरमुरे. कुठल्या पातेल्यात कुठली चटणी, हे वाढणाऱ्यांनाही सांगितलं नव्हतं. आईला कळलं असतं तर म्हणाली असती, पोरगी जेवाय घालतीया का परीक्षा घेतीया?

निकाल — निम्म्या निम्म्या! जवळजवळ काट्यावर!!

एक बाई तर वाटी खाली ठेवून म्हणाली, "दोन्ही एकाच घरच्या दिसत्यात." मी तिला मिठीच मारणार होते. आमची पुडी आईच्या चटणीला भिडली! घरी येताना मात्र मनात जरा टोचलं. इतक्या बायकांत एकीलाही आईच्या हाताची चव वेगळी कळू नये?

६ जुलै, रविवार

दुसरी फेरी, दुसऱ्या बायका. आज आधीच सांगितलं — ही घरची, मुरगूडच्या एका आईनं केलेली. ही कंपनीची, पुडीतली.

दहांतल्या आठ जणी घरच्या वाटीकडं! आणि कारणं काय एकेक. "पुडीतलीला वास येतोय, औषधासारका." "हिला हात न्हाय लागल्याला." "घरची कशी, खाल्ली की आईची आठवन येतीया." एकीचे डोळे खरंच भरले. आईच्या वाटीवर.

म्हणजे चव नव्हे. शब्द! माझा अंदाज खरा! दादांना फोन केला तर ओरडलेच — "म्हंजे माल पैलवान हाय, नावच पाय ओढतंय!" त्यांनी लगेच ओळही काढली. पुडीवर छापायचं, 'आईच्या चटणीच्या तोडीस तोड'. पुढच्या आठवड्यात वितरकांना दाखवायचं. जिल्हाभर! टेबल राहतंय! राजवीरनं तांबडा रस्सा केला, आईच्याच चटणीचा. मी बोटं चाटून खाल्ला.

१३ जुलै, रविवार

सावकाश लिहिते.

सकाळी मुरगूड. परत परत घेणाऱ्या बायकांशी शेवटचं बोलायचं होतं, वितरकांना त्यांचे शब्द दाखवायला. आकाराम अप्पांचं दुकान बाजारपेठेत, आमच्या पुड्या सगळ्यात जास्त तिथून जातात. म्हटलं, अप्पा, नेमानं नेणारी एखादी घट्ट गिऱ्हाईक सांगा.

अप्पा म्हणाले, "घट्ट म्हंजे... तुमच्या आईसाबच की. मे म्हयन्यात तर पिशवी भरून न्हेल्या. आमास्नी वाटलं, तुमीच सांगितलंय."

मी हसले. म्हटलं, दुसरी कुणी असेल. अप्पांच्या लक्षात आलं आणि ते उगाचच तराजू पुसायला लागले.

घरी गेले. आई पायरीवर बसली होती. काही विचारायच्या आधी तिचे हात बघितले. मी दर आठवड्याला फोन करते. फोनवर हात दिसत नाहीत. बोटं वाकलीत. लसणाची पाकळी सोलता येत नाही तिला, चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरते. गेल्या दिवाळीपासून! मी आले की हात पदराखाली घेऊन बसायची, आणि मला वाटायचं, गार वाटत असेल.

"यंदा जमलंच न्हाय बघ. देठ निघंना मिरचीचं."

मग सांगायचं नाही?

"सांगून काय? तू रजा काडून आली असतीस. त्यात जावाई चटणीसाटी बरनी हुडकतोय. रिकामी कशी धाडू? आणि दुसऱ्याची घिऊ व्हय? तुजी हाय म्हनून घेतली. आदी चाकली. बरी लागली. न्हायतर टाकली असती उकिरड्यावर, लेकीची आसली म्हनून काय झालं!"

मी रडत होते. आणि रडता रडता, देवा, मी विचारलं — "तू वरून काही घातलंस त्यात? लसूण, तेल?"

"न्हाय गं बाई. काय घालू? जशीच्या तशी वतली."

जशीच्या तशी. त्रिकोणही आमचा, गोलही आमचा.

१४ जुलै

काही लिहावंसं वाटत नाही. ताटात भाकरी आहे आणि बाजूला ती चटणी. दोन महिने मी तिला आईच्या हाताची चव म्हणत होते.

१६ जुलै, बुधवार

काल रात्री राजवीरशी बोलले, आज सम्राटशी. सम्राट म्हणाला, "कुनाला ठावं हाय, मॅडम? तुमच्या आईला, अप्पास्नी आणि आपल्याला. वितरक उद्या येत्यात. गप बसा की." त्याच्या दृष्टीनं त्यात वाईट काही नाही. माल चांगला आहे, बायका घेतायत, मग झालं.

पण पुडीवर 'आईच्या चटणीच्या तोडीस तोड' असं छापायचं आणि ती आई म्हणजे आमचीच पुडी? मला नाही जमायचं. गेले दादांच्या केबिनमध्ये, दार लावलं, सगळं सांगितलं. प्रयोग बाद. घरच्या खऱ्या चटणीपुढं आपली टिकते का, मला माहीत नाही.

दादा एवढे भडकले की बाहेरचा टाइपिंगचा आवाज थांबला. "श्रावण तोंडावर आलाय आणि तू मला सांगतीस माहीत न्हाय?" मग एकदम खुर्ची पुढं ओढून बसले.

"थांब. म्हंजे चटणी एकच व्हती. दोन्ही बाजूला."

हो.

"आणि एकीला रडल्या, आणि एकीला औषधाचा वास आला?"

हो, दादा.

हसायला लागले ते. खुर्ची हलेपर्यंत हसले. आणि तेव्हा मलाच नीट उमगलं की आईनं काय करून ठेवलंय. एकच वस्तू दोन नावांनी समोर ठेवायची, म्हणजे जो फरक निघेल तो सगळा नावाचा. असा प्रयोग मुद्दाम मांडायला हवा होता, मला सुचला नव्हता! आईनं तो न सांगता, पिशवी भरून, स्वतःच्या पैशानं करून दिला.

दादा म्हणाले, "मग रोग कळला. औषध कुटं हाय? तू मला एक बाई दाखव. एक! जी पावण्यांसमोर, तोंडावर, म्हणंल की आमच्यात विकतची हाय. आकडे नगंत मला. तसली एक गावली, तर तिच्यामागं बाकीच्या येतील. मग जिल्हाभर काढतो."

वितरकांची बैठक पुढं ढकलली. श्रावण संपायला महिना आहे. बाहेर आले तेव्हा पाय हलके वाटत होते. का, देव जाणे. अजून काहीच हातात नाही.

२ ऑगस्ट, शनिवार

एक बाई मिळत नाही! झुंबरबाईंच्याकडंही जाऊन आले. हात जोडले. "तुज्यासाटी जीव दीन, पर ह्ये नगं. सुनंला काय तोंड दाखवू?" परत चहा दिला.

आईला कोल्हापुरात डॉक्टरांना दाखवलं. गोळ्या, शेक, व्यायाम. दुखणं कमी होईल म्हणाले, बोटं सरळ होतीलच असं नाही. परतताना गाडीत तिचा हात माझ्या हातात होता. यावेळी तिनं काढून घेतला नाही.

१० ऑगस्ट, रविवार

आज मी स्वतः चटणी केली. आईसाठी. नऊ वर्षं इकडं आली, आता माझ्याकडून तिकडं जायला नको? आई फोनवरून सांगत होती, मी करत होते. हवा दमट, मिरच्या तव्यावर भाजाव्या लागल्या, खोबरं अर्धं करपलं, घरभर ठसका. शेजारणीनं दार वाजवून विचारलं, "आग लागलीया व्हय?" डंकावर कुटून आणली. रंग विटकरी. वास बरा. राजवीर म्हणाला, छान झालीय, आणि दुसरी भाकरी मागितली नाही.

तरी बरणी भरली. फडकं बांधलं. मला काय आनंद झालाय ते मलाच माहीत.

१७ ऑगस्ट, रविवार

मुरगूड. काकी आणि तिच्या दोन्ही सुना जेवायला होत्या, बाहेरगावचे पाहुणेही. आईनं माझी चटणी सगळ्यांच्या ताटात वाढायला लावली, कौतुकानं. पहिला घास स्वतः घेतला, चघळला, आणि सगळ्यांसमोर खणखणीत म्हणाली, "मीट ज्यादा झालंय, खोबरं करपलंय. वर्षे, राग मानू नगंस. ह्याच्यापरास ती पुडीतली बरी. मी तीच खातो आता. विकतची हाय, तर हाय!"

मी खाली बघितलं. काकीनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि म्हणाली, "बरं झालं बाई, तू बोललीस. आमच्यातबी दोन वरसं झाली, विकतचीच हाय की."